अकरा जणांची निवड

मुलांनो, आंतरशालेय सामने जवळ आले की मैदानावर काय गडबड उडते, ते तुम्हाला ठाऊक आहे. सर हातात कागद घेऊन उभे असतात आणि त्यांच्याभोवती मुलांचा गराडा पडलेला असतो. "सर, मी फॉरवर्ड!" "सर, मागच्या वर्षी मी दोन गोल केले होते!" प्रत्येकाला संघात यायचे असते, आणि संघात आल्यावर प्रत्येकाला पुढेच खेळायचे असते. गोलमध्ये उभे राहायला मात्र कोणी तयार नसतो.

निवड करणे म्हणजे ज्याला तुम्ही उर्दूत 'इंतखाब' म्हणता, ते दुरून सोपे दिसते. चांगले अकरा जण घ्यावेत आणि मैदानात उतरवावेत, झाले! पण अकराही जण चांगले फॉरवर्ड असतील, तर मागे कोण राहणार? जो सगळ्यांत चांगला आहे त्याच्या डोक्याला जखम झाली असेल, तर त्याला घ्यायचे की बसवायचे? आणि ज्याची काहीच चूक नाही, त्याला "उद्या तू खेळणार नाहीस" हे कसे सांगायचे? या पाठात अशा एका माणसाची गोष्ट आहे, ज्याला हे सगळे प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागले. शाळेच्या सामन्यासाठी नव्हे, तर भारताच्या संघासाठी.

त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणत. त्यांचा जन्म १९०९ साली हैदराबाद येथे झाला. ते शिक्षक होते. हैदराबादच्या दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल या शाळांत त्यांनी नोकरी केली व मुलांचे खेळही घेतले. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलिसांच्या फुटबॉल संघाला शिकवू लागले. या संघाने मुंबईला येऊन रोव्हर्स कप १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. त्याच काळात भारतीय संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९५१ साली दिल्लीला झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तर भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे मूळचे गोव्याचे आणि मुंबईत खेळणारे. भारत त्या वेळी चौथा आला.

मात्र या दोन यशांच्या मध्ये एक वाईट वर्ष आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारतावर १०-१ असा विजय मिळवला. आपले बहुतेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. थंड हवेत, ओल्या गवतावर बूट घातलेल्या संघापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. त्यानंतर आपल्याकडे बूट घालून खेळण्याचा नियम झाला.

रहीमसाहेब खेळाडू कसे घडवत, ते ऐकण्यासारखे आहे. ते मुलांच्या अशा स्पर्धा घेत, की ज्या पायाची सवय नाही त्याच पायाने चेंडू मारायचा. उजव्या पायाचा खेळाडू असेल, तर त्याने डावा पाय वापरायचा. तुम्ही एकदा करून पाहा. पाच मिनिटांत हसू येईल आणि दहा मिनिटांत घाम येईल! दुसऱ्या एका स्पर्धेत चेंडू घेऊन पळायला बंदी असे; चेंडू आला की लगेच साथीदाराला द्यायचा. यामुळे कोणता मुलगा कुठे उपयोगी पडेल, हे त्यांना आधीच कळत असे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील तुलसीदास बलराम हा गरीब घरचा मुलगा त्यांच्या नजरेत असाच भरला. बलरामजवळ सरावाला यायला पैसे नव्हते, तेव्हा रहीमसाहेबांनी त्याला सायकलच्या भाड्याचे पैसे दिले. हाच मुलगा पुढे भारताचा मोठा आघाडीपटू झाला.

निवड करताना नाते मध्ये येते का? येते, आणि लोकही तिकडेच बघत असतात. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हे स्वतः उत्तम खेळाडू होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी गेलेल्या भारतीय संघात ते होते, पण तेथे त्यांना एकाही सामन्यात खेळायला मिळाले नाही. मुलगा बाहेर बसला आहे आणि वडील संघ निवडत आहेत. दोघांना काय वाटले असेल, याचा विचार तुम्हीच करा.

आता १९६२ साल. आशियाई स्पर्धा इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे भरली होती. चुनी गोस्वामी भारताचे कर्णधार होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी झाला आणि भारत ०-२ असा हरला. पुढच्या सामन्यात भारताने थायलंडला ४-१ ने हरवले खरे, पण त्यात जर्नैल सिंग यांच्या कपाळाला मोठी जखम झाली. टाके घालावे लागले. जर्नैल सिंग म्हणजे आपल्या बचाव फळीचा कणा. पंजाबचे, अंगाने धिप्पाड, कोलकात्याच्या मोहन बागानकडून खेळणारे. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन येताना त्यांना पाहूनच वाट बदलत असे. जपानविरुद्धच्या सामन्यात ते खेळू शकले नाहीत. तरीही भारताने तो सामना २-० असा जिंकला.

इथे थोडे थांबा. सामान्य माणूस म्हणेल, "वा, जिंकलो!" आणि पुढे जाईल. संघ निवडणारा माणूस मात्र आणखी एक गोष्ट बघतो. जर्नैल सिंग मागे नसतानाही आपल्यावर एकही गोल झाला नाही. अरुण घोष आणि त्यांच्या साथीदारांनी मागची बाजू सांभाळली. मग पुढे काय?

पुढे उपान्त्य सामना होता. जखमी जर्नैल यांना विश्रांती द्यावी, असे कोणालाही वाटले असते. ते ठीक असतील तर त्यांच्या नेहमीच्या जागी, मागे खेळवावे, असेही कोणाला वाटले असते. रहीमसाहेबांनी तिसरीच गोष्ट केली. त्यांना हे माहीत होते, की कॉलेजात असताना जर्नैल सिंग सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळत. म्हणून त्यांनी जर्नैल यांना मागून काढून थेट पुढे नेले! कपाळाला पट्टी बांधलेला बचावपटू आता गोल करायला निघाला. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या त्या सामन्यात त्यांनी गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकून अंतिम सामन्यात पोहोचला.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी होता, आणि समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया. ज्याने आपल्याला काही दिवसांपूर्वी हरवले होते तोच.

त्या रात्री तुम्ही रहीमसाहेबांच्या जागी आहात, अशी कल्पना करा. समोर कोरा कागद आहे. त्यावर अकरा नावे लिहायची आहेत. आज फुटबॉलमध्ये पाच बदली खेळाडू उतरवता येतात. तेव्हाचा जमाना वेगळा होता. विश्वचषकातही बदली खेळाडूंची सोय १९७० साली प्रथम झाली. म्हणजे ज्याला उतरवाल, त्याने शेवटपर्यंत टिकायला हवे.

पहिले नाव गोलरक्षकाचे. पीटर थंगराज हे आपले नामवंत गोलरक्षक, पण ते तापाने आजारी पडले होते. त्यांच्या जागी प्रद्योत बर्मन यांनी गोल सांभाळला होता. आता थंगराज बरे झाले होते, पण आजारातून उठलेला माणूस! सरावही पुरेसा नाही. दुसरीकडे बर्मन खेळात आहेत, संघ जिंकतो आहे. तुम्ही कोणाला घ्याल? माझ्या वर्गात मी हा प्रश्न विचारतो, तेव्हा बहुतेक मुले बर्मन यांचे नाव घेतात, आणि त्यांचे म्हणणे मला चूक वाटत नाही. रहीमसाहेबांनी थंगराज यांना निवडले. थंगराज खूप उंच होते. गोलसमोर उंचावरून येणारे चेंडू ते सहज पकडत. कोरियाविरुद्ध या उंचीचा उपयोग होईल, असा रहीमसाहेबांचा हिशेब होता.

दुसरा प्रश्न जर्नैल यांचा. टाके अजून ताजे होते. सेंटर फॉरवर्डला तर चेंडू डोक्याने मारावा लागतो. एक धक्का बसला, तर जखम पुन्हा उघडणार. इथे मला थोडे वेगळे वाटते, ते सांगतो. आजच्या काळात डॉक्टर अशा खेळाडूला मैदानावर जाऊ देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. शाळेच्या सामन्यात असे कोणी करू नये. पण जर्नैल यांना स्वतःला खेळायचे होते आणि रहीमसाहेबांना त्यांची ताकद ठाऊक होती. त्रिलोक सिंग यांच्याही पायाला दुखापत होती. तेही खेळायला तयार झाले.

शेवटी कागदावर अशी नावे आली : गोलमध्ये पीटर थंगराज. मागे चंद्रशेखर, अरुण घोष आणि त्रिलोक सिंग. त्यांच्या पुढे प्रशांत सिन्हा आणि फ्रॅन्को. आणखी पुढे यूसुफ खान, पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, जर्नैल सिंग आणि बलराम. यांतले यूसुफ खान हैदराबादचे; अमुकच जागा हवी असा हट्ट नसलेले, सांगाल तिथे खेळणारे. अशा खेळाडूचे नाव वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत येत नाही, पण संघ निवडणाऱ्याला तो फार हवा असतो. फ्रॅन्को गोव्याचे. मुंबईत वाढले आणि टाटांच्या संघातून खेळले. चंद्रशेखर केरळचे, पण तेही मुंबईला कॅलटेक्सच्या संघात खेळत. एका कागदावर बंगाल, पंजाब, हैदराबाद, केरळ, गोवा सगळे आले. कोणाची भाषा कोणाला पूर्ण समजत होती, कोण जाणे!

सामन्यापूर्वी आणखी एक संकट उभे राहिले. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नव्हते. त्यावर जी. डी. सोंधी या भारतीय पदाधिकाऱ्यांनी हरकत घेतली. म्हणून जकार्तातील लोक भारतावर रागावले होते. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. मैदानावरचे हजारो प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. त्या गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडू मात्र भारताच्या बाजूने आवाज देत होते, अशी आठवण आपले खेळाडू पुढे सांगत असत.

आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंना जवळ बोलावले. त्यांनी लांबलचक भाषण केले नाही. मला तुमच्याकडून एक तोहफा हवा आहे, उद्या सोने जिंकून द्या, एवढेच त्यांनी मागितले.

सामना सुरू झाला. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला. तीनच मिनिटांनी दुसरा गोल झाला. तो कोणी केला असेल? पट्टी बांधलेल्या जर्नैल सिंग यांनी! कोरियाने नंतर खूप धडपड केली. सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना त्यांनी एक गोल केलाही. पण मागे घोष, चंद्रशेखर आणि त्रिलोक सिंग होते, आणि गोलमध्ये उंच थंगराज होते. भारत २-१ असा जिंकला. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताला पुन्हा मिळालेले नाही.

पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेबांचे कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या जीवनावर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट २०२४ साली आला. तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला असेल.

आणि प्रद्योत बर्मन? त्या दिवशी ते मैदानाबाहेर होते. संघाला अंतिम सामन्यापर्यंत आणण्यात त्यांचाही हात होता. अंतिम सामन्यात आपले नाव नाही, हे त्यांना कसे सांगितले गेले असेल? रहीमसाहेबांच्या जागी तुम्ही असता, तर त्या रात्री त्यांच्याशी काय बोलला असता? पाच-सहा वाक्ये मराठीत लिहून आणा. उद्या वर्गात वाचू.

स्वाध्याय

१. रहीमसाहेब मुलांच्या कोणत्या वेगळ्या स्पर्धा घेत? त्यांचा काय उपयोग होत असे?
२. जर्नैल सिंग यांना पुढे खेळवण्याचा निर्णय का घेतला असेल? जपानविरुद्धच्या सामन्याचा आधार घेऊन लिहा.
३. थंगराज की बर्मन? तुमची निवड सांगा आणि कारण द्या.
४. पुढील शब्द वाक्यांत वापरा : गराडा पडणे, टिकाव लागणे, नजरेत भरणे.
५. 'गोलरक्षक' या शब्दासारखे 'रक्षक' शेवटी असलेले तीन शब्द शोधा.