शिरेवाटे दिलेला स्नेह आणि यकृत

आतड्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढलेला रुग्ण शिरेवाटे पोषण देऊन दीर्घकाळ जगविता येतो. असा रुग्ण विरळा. तथापि पुंडलिकनगरातील एखाद्या वैद्याच्या दारी तो केव्हाही येऊ शकतो. नातेवाईक सांगतात, ‘सलाईनमधून दुधासारखे औषध चालू आहे, आता डोळे पिवळे दिसतात.’ यकृताचा काढा लिहून देण्यापूर्वी त्या पांढऱ्या द्रवाचा विचार व्हावा, यास्तव हा लेखनप्रपंच.

हा द्रव म्हणजे पाण्यात सूक्ष्म थेंबांनी विखुरलेले तेल. स्वीडनच्या आर्विद व्रेटलिंड यांनी १९६० च्या दशकारंभी तो सोयाबीन तेल व अंड्यातील फॉस्फोलिपिड यांपासून सिद्ध केला. आपल्या मराठवाड्याच्या शेतांत पिकते तेच हे सोयाबीन!

मग दोष कोठे? या तेलातील वनस्पतिज स्टेरॉल मुखावाटे आले असता आतडे त्यांतील अत्यल्प अंशच शोषून घेते. शिरेवाटे देताना ही चाळणीच टळते व स्टेरॉल यकृतात साठतात. त्यांपैकी स्टिग्मास्टेरॉल पित्त बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेस मंद करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. मुखाने अन्न नसल्याने पित्ताशयही आकुंचन पावत नाही, आणि पित्त साचते. नळीतून जंतुसंसर्ग झाल्यास भर पडते. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस हा धोका सर्वाधिक. प्रौढांतही दर किलो वजनास रोज १ ग्रॅमहून अधिक सोयाबीन-स्नेह दीर्घकाळ दिल्यास गंभीर यकृतविकार वाढतात, असे फ्रान्समधील २००० सालच्या अभ्यासात दिसले.

तिळकुटासारखा पांढरट मळ पाहून आपणास रुद्धपथ कामला आठवेल. साम्य लक्षणांचे आहे. हेतू मात्र वेगळा. आतडे तोकडे असलेल्या अशा रुग्णास विरेचन देणे आम्ही घातक समजतो, कारण जल व क्षार वेगाने नष्ट होतात. स्नेह अजिबात बंद करणेही योग्य नव्हे. आवश्यक मेदाम्लांचा अभाव होतो. मात्रा घटविणे वा तेल बदलणे हे उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकाचे काम. बोस्टन येथे २००६ मध्ये मत्स्यतेलाने अर्भकांची कावीळ ओसरल्याचे प्रसिद्ध झाले; २०१८ मध्ये अमेरिकेत पित्तावरोध झालेल्या बालकांसाठी त्यास मान्यता मिळाली. शल्यचिकित्सकाची अनुमती असेल तर घोटभर पेज का होईना, मुखावाटे द्यावी. संसर्जनक्रम जाणणाऱ्यास हे नव्याने सांगावयास नको.

औषधविक्रेत्यांसाठी दोन शब्द. १० टक्क्यांच्या द्रवात तेलाच्या मानाने फॉस्फोलिपिड अधिक असल्याने रक्तातील मेद अधिक वाढतो. २० टक्क्यांचा मागितला असता ‘तोच तो’ म्हणून १० टक्क्यांचा देऊ नये. बाटली गोठू देऊ नये. गोठलेली वा तेल वर तरंगणारी बाटली हलवून एकजीव दिसली तरी विकू नये.