कोणतीही कबर बेवारस नाही
(नोव्हेंबर महिन्यासाठी पाठ)



काही वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबांना घेऊन मी वसईला गेलो होतो. विदर्भ एक्सप्रेसने मुंबई आणि तेथून लोकलने वसई. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चला आज छप्पर नाही, उरल्या आहेत त्या उंच भिंती. आत पायाखाली मोठमोठ्या दगडी फरशा आहेत. त्यांवर उभे राहून आम्ही फोटो काढत होतो. एवढ्यात आमच्यातील एका मुलाने फरशीवरची अक्षरे बोटाने चाचपत विचारले, “फादर, ही तर कबर आहे ना? मग आपण कोणाच्या छातीवर उभे आहोत?” मी मुकाट्याने बाजूला झालो.

वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने ती जिंकली. त्या दोनशे वर्षांत अनेकांना चर्चच्या आत किंवा अंगणात पुरले गेले. वेदीजवळ विसावा मिळावा आणि मिस्साला येणाऱ्यांनी आपली आठवण करावी, ही त्यामागची श्रद्धा होती.

त्याच किल्ल्यातील जेझुइट चर्चमध्ये दोन विधवांच्या कबरींवर लेख होते. एक दोना इझाबेल दि अगियार. कॉलेजला मोठे साहाय्य करणारी ही स्त्री २४ जानेवारी १५९१ रोजी वारली. दुसरी दोना फिलिपा दा फोन्सेका. जिवंतपणीच आपले सर्वस्व चर्चला देऊन ती २० जुलै १६२८ रोजी देवाघरी गेली. डॉ. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली वसईवरील पुस्तकात हे लेख छापले. कोणीतरी नाव टिपून ठेवले, म्हणून इतक्या वर्षांनी आपण त्या दोघींसाठी प्रार्थना करू शकतो.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

१. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय १२) यहूदा लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांसाठी वर्गणी गोळा करतो आणि पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. मेलेले पुन्हा उठणार नसतील, तर हा खटाटोप व्यर्थ ठरला असता. मृतांसाठी प्रार्थना करणे म्हणजे पुनरुत्थानावर विश्वास ठेवणे.

२. संत मोनिका ३८७ साली ओस्तिया येथे मरणाला टेकली होती. माझे शरीर कोठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मुलांना सांगितले. तिचा मुलगा संत ऑगस्टीन याने पुढे लिहिले की थाटामाटाची अंत्यविधी मृतांपेक्षा जिवंतांच्याच समाधानासाठी असते. तरीही मृतदेहाचा अनादर करू नये, कारण ते शरीर पवित्र आत्म्याने सत्कर्मांसाठी वापरलेले साधन आहे.

३. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्याला शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी परिपूर्ण दंडमुक्ती मिळवता येते. त्यासाठी प्रायश्चित्त संस्कार, ख्रिस्तशरीराचा स्वीकार, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची आसक्ती सोडणे आवश्यक आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्या कब्रस्तानातील जुन्या बेवारस कबरी सपाट करून जागा मोकळी करावी, अशी सूचना सभेत आली आहे. जागा अपुरी आहे हे खरे, सूचना करणाऱ्यांचा हेतूही चांगला आहे. पण ‘बेवारस’ हा शब्द मला टोचतो. ज्याचा बाप्तिस्मा झाला, त्याला ख्रिस्तसभा नावाने हाक मारते. त्याचे नातेवाईक गाव सोडून गेले असतील, पण त्याचे कुटुंब दर रविवारी मिस्साला बसलेले असते. ते कुटुंब म्हणजे आपण.

चर्चच्या कायद्याचे कलम ११८२ सांगते की दफनानंतर मृत्यूच्या नोंदवहीत नोंद करावी. म्हणून माझी विनंती आहे:

• धानाच्या कापणीची घाई मला ठाऊक आहे. तरीही २ नोव्हेंबरपूर्वी एक सकाळ काढा. विळा, फावडे घेऊन या. पावसाळ्यात वाढलेला तरोटा आणि गाजरगवत काढू.

• युवकांनी प्रत्येक दगडावरील नाव व तारीख वहीत उतरवावी. आपण ती नोंदवहीशी ताडून पाहू.

• दगड नसलेल्या कबरींबद्दल म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना आठवते ते आजच लिहून घ्या.

• मुलांना बरोबर आणा. कबरीवर पाय देऊ नये, हे त्यांना तेथेच शिकवा.

जागेचा निर्णय आपण नंतर सर्व मिळून घेऊ. पण नाव लिहिल्याशिवाय आणि त्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण केल्याशिवाय एकही कबर हलवायची नाही.

विचार करा: पन्नास वर्षांनी माझ्या कबरीपाशी कोण उभे राहील?

प्रभो, त्यांना सार्वकालिक विश्रांती दे आणि तुझा अखंड प्रकाश त्यांच्यावर पडू दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू