दृष्टिपटलातील डोपामाइन आणि मुलांची दृष्टी

वसतिगृहाची दिनचर्या पहाटे सुरू होते आणि रात्रीच्या अभ्यासिकेने संपते. या दोहोंमध्ये मूल उघड्या उजेडात किती वेळ असते, याचा हिशेब आपण क्वचितच ठेवतो. डोळ्यांच्या आरोग्याशी या उजेडाचे जवळचे नाते आहे. ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

डोपामाइन हे चेतापेशींमधील संदेशवाहक रसायन होय. मेंदूतील त्याचे कार्य दाखविणारे स्वीडिश शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टिपटल हे मेंदूच्याच ऊतीपासून घडते; त्यामुळे तेथेही डोपामाइन तयार होते. अमॅक्राइन नावाच्या काही पेशी उजेड पडताच ते अधिक स्रवतात. अंधारात ते घटते आणि मेलाटोनिन वाढते. दिवसा डोपामाइनमुळे दंडाकार पेशींचा प्रभाव कमी होऊन शंक्वाकार पेशींना वाव मिळतो. म्हणून रंग आणि बारकावे स्पष्ट दिसतात.

याच रसायनाचा संबंध नेत्रगोलाच्या वाढीशीही आहे. नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबला की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या पुढे पडते, हीच निकटदृष्टिता. कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांत प्रखर उजेडाने ती मंदावली. परंतु डोपामाइनचे कार्य रोखणारे औषध डोळ्यात टोचताच उजेडाचे हे संरक्षण नाहीसे झाले. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत दररोज 40 मिनिटे अधिक बाहेर ठेवण्यात आले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे 30 टक्के, तर इतर शाळांतील सुमारे 40 टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली. हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. मुलांमधील या लाभामागे डोपामाइन हे प्रमुख कारण मानले जाते. मात्र ते एकमेव नसावे.

हा केवळ शहरांचा प्रश्न नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने 2006 ते 2008 या काळात आपल्याच विदर्भातील खेड्यांत तीस वर्षांवरील 4711 जणांचे डोळे तपासले. सुमारे 17 टक्के लोकांत निकटदृष्टिता आढळली. उतारवयातील मोतीबिंदूमुळे येणारी निकटदृष्टिताही त्यात धरलेली आहे.

प्रौढांच्या आजारांतही डोपामाइनचा धागा दिसतो. कंपवाताच्या रुग्णांत दृष्टिपटलातील डोपामाइन घटते आणि फिकट छटांमधील भेद ओळखणे कठीण जाते. मधुमेही उंदरांतही अशीच घट आढळली आहे. मात्र यावरून कोणी स्वतःहून औषध घेऊ नये; मधुमेही व्यक्तीने वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे, हेच हिताचे.

आता आपल्या अंगणाकडे वळू. वर्गातील उजेड बहुधा तीनचारशे लक्स असतो. भर उन्हात तो लाखापर्यंत जातो, आणि निंबाच्या सावलीतही कित्येक हजार लक्स मिळतात. म्हणजे बुलढाण्याच्या उन्हाळ्यात मुलांना उन्हात उभे करण्याची गरज नाही; सकाळचे मैदान आणि झाडाखालचा तास पुरेसा आहे. सूर्याकडे टक लावून पाहणे मात्र सर्वथा टाळावे. त्याने दृष्टिपटल भाजते.

एक कबुली येथे दिली पाहिजे. फळ्यावरचे उतरवून न घेणाऱ्या मुलाला आम्ही कधी आळशी, कधी ‘कच्चा’ ठरविले. पुढे चष्मा लागल्यावर तेच मूल भराभर लिहू लागले. उजेड निकटदृष्टिता लांबवू शकतो; आलेली घालवू शकत नाही. तिला चष्माच हवा, आणि चष्म्याने नंबर वाढतो हा समज निराधार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये. मुलीला चष्मा लागला तर लग्नाची काळजी करण्यापूर्वी तिच्या फळ्याची काळजी करावी.

परीक्षेच्या वर्षी खेळाचा तास सर्वांत आधी कापला जातो. तो कापण्यापूर्वी मुलांच्या डोळ्यांचा विचार व्हावा, एवढीच आमची विनंती.