कमी रक्तदाब : सलाईन लावण्यापूर्वी

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘बीपी लो झाला, सलाईन लावून द्या.’ असे म्हणणारे बहुधा कष्टाळू, एरवी निरोगी स्त्री-पुरुष असतात. तेंदूपत्ता तोडणारे, शेतमजुरी करणारे, मुकुटबनकडे कामास जाणारे. त्यांच्या कुटुंबीयांसाठी व आमच्या हितचिंतकांसाठी हा विषय येथे मांडत आहोत.

रक्तदाब ९०/६० हून कमी भरल्यास त्यास सामान्यतः कमी रक्तदाब म्हणतात. परंतु केवळ आकडा म्हणजे आजार नव्हे. श्रमाची सवय असलेले हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलते. अशा व्यक्तीची नाडी संथ आणि दाब थोडा कमी असू शकतो. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, ग्लानी यांपैकी काहीच नसेल, तर उपचाराची गरज बहुधा नसते. (‘रक्त कमी असणे’ म्हणजे पंडुरोग, तो निराळा, त्याची तपासणीही निराळी.)

त्रास होत असेल, तर रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर कारण शोधणे आवश्यक ठरते. घामावाटे गेलेले पाणी व मीठ, जुलाब, उपाशीपोटी काम, मद्यपान ही नेहमीची कारणे होत.

हिशेबाच्या सवयीने आम्ही सलाईनचाही जमाखर्च मांडतो. अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. ‘ताकद’ म्हणावी असे त्यात काहीही नाही. शुद्धीवर असलेल्या आणि उलटी न होणाऱ्या माणसास हेच तोंडावाटे देता येते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. घरी करावयाचे झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घ्यावे. तयार पाकीट पेलाभर पाण्यात कालवू नये. त्यावर लिहिलेले पाण्याचे मापच घ्यावे. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याविना मीठ वाढवू नये.

घेरी येऊ लागल्यास सावलीत आडवे व्हावे, पाय उंच ठेवावेत. आडवे होणे शक्य नसेल, तर पाय एकमेकांवर टाकून मांड्या आवळाव्यात आणि मुठी घट्ट दाबाव्यात; दाब काहीसा सावरतो. भर कष्टानंतर एकदम स्तब्ध उभे राहू नये.

सलाईनचा हट्ट आम्हांस खटकतो तो याचसाठी, की बाटलीने तासाभरापुरते बरे वाटते, रुग्ण घरी जातो आणि पोटातील रक्तस्राव तसाच राहतो. काळे शौच, छातीत दुखणे, तीव्र ताप, बेशुद्धी, गरोदरपणातील रक्तस्राव किंवा फवारणीनंतरची गरगर यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. फवारणी केली असल्यास औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी सोबत आणावी.

रक्तदाब, लघवी वा प्रोस्टेटच्या गोळ्यांमुळेही दाब उतरतो. त्या परस्पर बंद न करता, घरातील सर्व औषधांची पाने पिशवीत घालून तपासणीस यावे.