वेळेचे मोल

(पक्षाघात हा मेंदूचा आजार आहे. पूर्वी त्यावर फारसा इलाज नव्हता. संशोधकांनी चिकाटीने प्रयोग करून तो कसा शोधला आणि या आजारात वेळेला एवढे महत्त्व का आहे, हे या पाठात सांगितले आहे.)

ही गोष्ट २०१२ सालची. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. आमच्या शेजारी एक चाचा राहत असत. त्यांचे शिवणकामाचे दुकान होते. एके दिवशी सकाळी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. तोंड एका बाजूला वाकडे झाले. त्यांना काही सांगायचे होते, पण शब्द फुटेना.

घरात एकच गोंधळ उडाला. कोणी म्हणाले, "वारे लागले." कोणी तेल गरम करून हात चोळू लागले. कोणी म्हणाले, "थोडे झोपू द्या, बरे वाटेल." यातच दुपार झाली. चाचांना शहरातील रुग्णालयात नेले, तेव्हा संध्याकाळ झाली होती.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे किती वाजता सुरू झाले?"

चाची म्हणाल्या, "सकाळी आठ वाजता, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "यावर औषध आहे. पण ते देण्याची वेळ टळून गेली."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. पुढे मी त्याविषयी वाचले. जे समजले ते तुम्हांला सांगतो.

उर्दूत आपण ज्याला फालिज म्हणतो, त्यालाच मराठीत पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतात. नावात 'वायू' असला तरी या आजाराचा वाऱ्याशी काही संबंध नाही. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर या डॉक्टरांनी या आजाराने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. त्यांना मेंदूत रक्त साचलेले आढळले. १६५८ साली त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडले. दोष मेंदूच्या रक्तपुरवठ्यात आहे, हे तेव्हापासून कळू लागले.

शेतातील पाटाचे उदाहरण घ्या. पाटात गाळ अडकला तर पुढच्या वाफ्यांना पाणी मिळत नाही. पाट फुटला तर पाणी भलतीकडे जाते. दोन्ही वेळा पीक सुकते. मेंदूचेही तसेच आहे. कधी रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकते, तर कधी रक्तवाहिनी फुटते. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. इलाज मात्र अगदी वेगळे. गुठळी विरघळवणारे औषध रक्तवाहिनी फुटलेल्या रुग्णाला दिले, तर त्याच्या जिवावरच बेतेल!

मग आतले ओळखायचे कसे? हे कोडे गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने सोडवले. त्याने क्ष-किरण आणि संगणक यांच्या साहाय्याने मेंदूचे आतील चित्र दाखवणारे यंत्र तयार केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात या यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. यालाच आपण सीटी स्कॅन म्हणतो.

आता पुढचा प्रश्न होता औषधाचा. 'टीपीए' नावाचे एक औषध गुठळी विरघळवते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण ते मेंदूच्या रुग्णाला खरोखर उपयोगी पडेल का? की त्यानेच रक्तस्राव होईल? नुसत्या अंदाजावर हे ठरवता येत नाही. म्हणून अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. त्यात ६२४ रुग्ण होते. आजार सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत त्यांच्यावर उपचार केले गेले. सुमारे निम्म्यांना खरे औषध दिले, उरलेल्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य दिले. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नव्हते, आणि डॉक्टरांनाही नव्हते. कारण माहीत असते, तर आशेपोटी डॉक्टरांनाही सुधारणा अधिक दिसली असती.

१९९५ साली प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनंतर पाहिले, तेव्हा औषध मिळालेल्यांपैकी जवळजवळ पूर्ण बरे झालेले लोक दर शंभरांमागे सुमारे बाराने जास्त होते. पण दुसरी बाजूही लपवली नाही. औषध मिळालेल्या शंभरांपैकी सुमारे सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. फायदा आणि धोका दोन्ही जगासमोर ठेवले. १९९६ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. पुढे २००८ साली युरोपातील प्रयोगाने दाखवले, की काही रुग्णांना साडेचार तासांपर्यंतही ते उपयोगी पडते.

विद्यार्थी मित्रांनो, त्या ६२४ जणांचा विचार करा. स्वतःवर संकट कोसळले असताना त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी या प्रयोगाला संमती दिली. आपल्या वाट्याला खरे औषध येईल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढच्या असंख्य रुग्णांवर त्यांचे केवढे उपकार आहेत!

मोठी गुठळी मात्र औषधाला दाद देत नाही. त्यासाठी जांघेतील रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेतात आणि जाळीने गुठळी बाहेर ओढून काढतात. नेदरलँड्समध्ये ५०० रुग्णांवर या उपायाची परीक्षा झाली. २०१५ साली निकाल छापला गेला. नेहमीच्या उपचारांनी शंभरांपैकी १९ जण स्वतःची कामे स्वतः करू लागले होते. नळीचा उपाय केलेल्यांत हीच संख्या सुमारे ३३ होती.

एवढी घाई कशासाठी? अमेरिकेतील एका डॉक्टरांनी २००६ साली हिशेब मांडला. मोठी रक्तवाहिनी बंद पडली, की मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. डॉक्टर गप्प का राहिले, ते मला हा हिशेब वाचल्यावर कळले.

पण वेळ टळली म्हणजे सर्व संपले असे नाही. मेंदूचे निरोगी भाग हळूहळू गेलेल्या भागाचे काम शिकतात. मात्र त्यांना सराव द्यावा लागतो. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात काही रुग्णांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जाड हातमोजा चढवला. त्यामुळे दुबळा हात वापरावाच लागला. भरपूर सरावही करून घेतला. त्यांचा दुबळा हात इतरांपेक्षा चांगला सुधारला. हा निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला.

संशोधनाचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते का? नाही. भारतात १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर एक प्रयोग झाला. घरच्या माणसांना व्यायाम करून घ्यायला शिकवले, तर रुग्ण अधिक बरा होईल का, हे पाहायचे होते. सर्वांना वाटत होते, नक्कीच होईल. पण २०१७ साली निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांत काही फरक दिसला नाही. संशोधकांनी तेही प्रामाणिकपणे छापले. एक वाट बंद आहे हे कळले, म्हणजे दुसरी शोधता येते.

आमच्या चाचांनी हार मानली नाही. चाची त्यांच्यापुढे गुंड्यांचा डबा ठेवत. चाचा उजव्या हाताने एकेक गुंडी उचलत. पहिल्या महिन्यात एकही उचलता आली नाही. वर्षभराने त्यांनी माझ्या सदऱ्याला गुंडी लावून दिली. टाके वाकडेतिकडे होते. मी तो सदरा अजून जपून ठेवला आहे.

चाचा थांबत थांबत म्हणाले, "बेटा, माझी सकाळ... तेल चोळण्यात गेली. तू मुलांना सांग... घड्याळ बघा."

म्हणून हे लक्षात ठेवा. कोणाचा चेहरा अचानक वाकडा झाला, एक हात वर उचलेना किंवा बोलणे अडखळू लागले, तर लगेच घड्याळात वेळ पाहून ती लिहून ठेवा. १०८ क्रमांकावर फोन करा. रुग्णाला खायला-प्यायला काही देऊ नका, मनाने गोळी देऊ नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्या. संशोधकांनी वर्षानुवर्षे खपून रुग्णासाठी काही तास मिळवले आहेत. ते वाया घालवणे किंवा वाचवणे आपल्या हाती आहे.

शब्दार्थ

मोल – किंमत. चिकाटी – न कंटाळता काम करण्याची वृत्ती. पाट – पाणी वाहून नेणारा लहान कालवा. वाफा – शेतातील पाणी धरणारा लहान चौकोन. गुठळी – गोठलेल्या रक्ताचा गोळा. संमती – परवानगी, होकार. गुंडी – बटण.

वाक्प्रचार

शब्द न फुटणे – बोलता न येणे. जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे. दाद न देणे – परिणाम होऊ न देणे. हार न मानणे – प्रयत्न न सोडणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉक्टरांनी पहिला प्रश्न कोणता विचारला?
(आ) सीटी स्कॅनचे यंत्र कोणी तयार केले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) औषध देण्यापूर्वी सीटी स्कॅन करावा लागतो.
(आ) कोणाला खरे औषध मिळाले, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हते.

प्र. ३. 'उत्तर "नाही" आले तरी प्रयोग वाया जात नाही.' पाठाच्या आधारे चार-पाच वाक्यांत लिहा.

प्र. ४. वरील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : पक्षाघाताची तीन लक्षणे मराठीत व उर्दूत मोठ्या अक्षरांत लिहून तक्ता तयार करा आणि तो आपल्या मोहल्ल्यात लावा.