रोबोकॉनसाठी स्पॉन्सर हवाय?

रोबोकॉनचा रोबो मोटर्सवर चालतो, पण मोटर्स विकत घ्यायला पैसे लागतात! मग आपण सगळ्या कंपन्यांना एकच पत्र पाठवतो : 'सीएसआरमधून मदत करा, टी-शर्टवर तुमचा लोगो लावू.' घोळ इथेच होतो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पण २०२१ च्या नियमांनुसार जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेली स्पॉन्सरशिप त्यात धरत नाहीत. म्हणजे लोगोचं पत्र मार्केटिंगला द्यायचं. सीएसआरवाल्यांशी शाळेतल्या मुलांना रोबोटिक्स शिकवण्याबद्दल बोलायचं, कारण शिक्षण त्यात बसतं. (आणि मग खरंच शिकवायचं, बरं का!) तेही एप्रिल-मेमध्ये, नवं आर्थिक वर्ष सुरू झाल्या झाल्या.

भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्या काकांकडे मात्र रोख मागूच नका. 'काका, अ‍ॅल्युमिनियमचे उरलेले तुकडे आणि अर्धा तास लेझर कटिंग द्याल का?' असं विचारा आणि ड्रॉइंग सोबत न्या. ते बघून काका आधी डिझाइनमधल्या दोन चुका काढतील, मग ऑपरेटरला हाक मारतील.