मूळ फाइलीला हात लावण्याआधी

साखर पेठ, सोलापूर

चि. ओंकार,

‘युरो ट्रक सिम्युलेटर २’मध्ये जर्मनीच्या रस्त्यावर लाल एसटी पळवल्याचा तुझा व्हिडिओ पाहिला. फार आवडला. आता बसच्या इंजिनाची ताकद वाढवायची आहे, तर त्यासाठी आणखी एखादा मोड, म्हणजे खेळात बदल करणारी कुणीतरी बनवलेली जोडफाइल, शोधू की सरळ फाइल उघडून आकडा बदलू, असं विचारलंस. फाइल उघड, बेलाशक उघड. फक्त बदललेली फाइल मूळ जागी परत ठेवू नकोस. कारण कळल्याशिवाय तू ऐकणारा नाहीस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा गेम करणारी प्रागची कंपनी खेळाचे नियम ‘एससीएस’ गठ्ठ्यांत बांधून देते आणि ते सोडवायचं साधनही स्वतःच देते. आत ‘एसआयआय’ नावाच्या फाइली असतात. इंजिनाची फाइल उघडलीस तर ‘टॉर्क’ शब्दापुढे एक आकडा दिसेल. तुला बदलायचं आहे ते एवढंच. या एका आकड्यासाठी कुणा अनोळखी माणसाचा मोड उतरवून घेतलास, तर त्याने सोबत आणखी काय काय बदललंय ते तुला कळणारही नाही. हे काम स्वतः कर.

पण कर कुठे? डॉक्युमेंट्समध्ये गेमचं जे फोल्डर आहे, त्यातल्या ‘मोड’ फोल्डरात. तिथे तुझ्या मोडच्या नावाचं एक फोल्डर बनव, त्याच्या आत मूळ फाइल ज्या वाटेवर आहे त्याच नावांची फोल्डरं बनव आणि शेवटी तुझी बदललेली फाइल ठेव. गेमच्या मोड मॅनेजरमध्ये तो मोड चालू केलास की गेम मूळ फाइलीऐवजी तुझी वाचतो, मूळ जागच्या जागी राहते. तिथून तो काढलास की सगळं पूर्ववत. म्हणजे हाताने केलेला बदल आणि मोड यांत तू समजतोस तेवढं अंतर नाही. तीच फाइल मूळ गठ्ठ्यात कोंबलीस तर पुढच्या अपडेटला स्टीम ती पुसून टाकेल, किंवा नव्या आवृत्तीशी न जुळल्याने गेमच उघडणार नाही.

मूळ तसंच ठेवून बदल करायचं हे काम माझा हात चादरीच्या मागासाठी कार्डं पंच करताना शिकला. जेकार्डच्या मागावर एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. गिऱ्हाइकाला चादरीत नाव विणून हवं असलं, तर आम्ही तेवढ्या भागाची नवी कार्डं पाडायचो. मूळ नक्षीचा आलेख आणि जुनी कार्डं बांधून वेगळी ठेवायची, कारण पुढचं गिऱ्हाईक साधीच चादर मागणार. जेकार्डने हे यंत्र १८०४च्या सुमारास फ्रान्समध्ये आणलं आणि पुढे इंग्लंडात बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डांची युक्ती घेतली. तुझ्या फाइली आमच्या कार्डांच्याच वंशातल्या आहेत.

तुझी बस स्वतःच एक मोड आहे, त्यामुळे इंजिनाची फाइल त्या मोडमधून घ्यावी लागेल. तुझा छोटा मोड मोड मॅनेजरच्या यादीत बसच्या वर ठेव; दोघांत एकच फाइल असेल तर वरच्याची चालते. आकडा एका वेळी एकच बदल आणि गेम चालू करून बघ. अडला तर ‘गेम.लॉग’ उघड, ‘एरर’ लिहिलेली ओळ शोध. बहुधा एखादा महिरपी कंस सुटलेला सापडेल.

बस बनवणाऱ्याने मोड कुलूपबंद केला असेल, तर मात्र तो फोडू नकोस. त्याला लिही, विचार. सांगाडा, चाकं, रंग, आतली बाकं हे सगळं कुणीतरी रात्री जागून केलेलं असतं. त्यावर रंग बदलून स्वतःचं नाव टाकून वाटणारी मुलं मला अजिबात आवडत नाहीत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी तिच्या नावावर भलताच माल खपवला जातो आणि विणणाऱ्याच्या पोटाला त्याची झळ बसते, हे तू घरात ऐकत मोठा झालास.

सेव्ह फाइलीत हाताने पैसे वाढवता येतात, हेही तुला कुणीतरी सांगितलंच असेल. तिथे बाजूला ठेवायचा मोड नसतो, थेट तुझ्या नोंदवहीतच खाडाखोड होते. करायचीच असेल तर आधी ‘प्रोफाइल्स’ फोल्डरची नक्कल दुसऱ्या ड्राइव्हवर ठेव. माझं विचारशील तर करू नकोस. दुसऱ्याचे ट्रक चालवून पै-पै जमवून पहिला ट्रक घ्यायचा, यातच त्या खेळाची सगळी गोडी आहे.

फाइल तयार झाली की गेम चालू करण्याआधी मला पाठव, मी कंस तपासून देतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा